भिंगावाचून छायाचित्र

कौलारू घरात दुपारच्या वेळी जमिनीवर पडणारा कवडसा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. कौलांमधील फट तिकोनी असो, चिंचोळी असो वा वेडीवाकडी असो, जमिनीवर उमटणारा कवडसा मात्र बहुधा गोल किंवा लंबगोलच असतो. याचे कारण असे की तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्यग्रहणाच्या वेळी ही गोष्ट उघड होते. २६ डिसेंबर २०१९ रोजी तामिळनाडूच्या काही भागांतून कंकणाकृती ग्रहण दिसले, त्या वेळी तेथील झाडांखाली पसरलेले कवडसेही बांगडीसारखे झाले होते. चेन्नईत ग्रहण खंडग्रास असल्यामुळे तेथील कवडसे कोरीसारखे दिसले. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात मागील बाजूच्या एका खोलीत गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते, तीही याच न्यायाने. भिंतीतील एक लहानसे छिद्र, पलीकडे अंधारी खोली आणि समोर उजळ दृश्य, एवढी सामग्री असली की प्रतिमा तयार होते. भिंगाची गरज लागत नाही.

मग छायाचित्रणासाठी भिंग का वापरतात? छिद्रातून येणारा प्रकाश फारच थोडा असतो म्हणून. तीन दशांश मिलिमीटर व्यासाचे छिद्र आणि तीन मिलिमीटर व्यासाचे भिंग यांची तुलना केली, तर भिंग शंभरपट प्रकाश आत घेते. छिद्र मोठे करून प्रकाश वाढवावा, तर प्रतिमा अस्पष्ट होते. भिंगाचे वैशिष्ट्य हे की, ते पुष्कळ प्रकाश गोळा करते आणि तरीही दृश्यातील प्रत्येक बिंदूचा प्रकाश त्याच्या नेमक्या जागी पोहोचवते. टपालवाला जसा प्रत्येक पत्र पत्त्याबरहुकूम टाकतो तसे हे आहे. भिंग काढून टाकले आणि उघडा संवेदक दृश्यासमोर धरला, तर प्रत्येक घरात प्रत्येकाचे पत्र पडू लागते. सारे संवेदक सारखेच उजळतात आणि प्रतिमा म्हणून काहीही हाती लागत नाही.

तथापि भिंगाला एक किंमत द्यावी लागते, ती जाडीची. भिंग आणि संवेदक यांच्यामध्ये नाभीय अंतराइतकी जागा सोडावीच लागते. मोबाइल फोन कितीही सडपातळ केला तरी त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा राहतो, तो यामुळेच. सारा कॅमेराच प्रमाणशीर लहान करावा असे कोणी म्हणेल. परंतु जाडी निम्मी केली की संवेदकाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, आणि त्याच प्रमाणात प्रकाशही घटतो. शरीरात सोडावयाचे उपकरण, एखाद्या प्राण्याच्या मस्तकावर बसवावयाचे सूक्ष्मदर्शक, कापडावर किंवा भिंतीवर चिकटवता येईल असा कॅमेरा, या सर्व ठिकाणी भिंग आडवे येते. ते काढून टाकावे आणि त्याचे काम गणिताकडे सोपवावे, हा विचार येथून सुरू होतो. ज्या कॅमेऱ्यात ही अदलाबदल केलेली असते त्याला आपण भिंगविरहित कॅमेरा म्हणू.

या विचाराचा उगम छायाचित्रणात झाला नाही. तो खगोलशास्त्रात झाला. क्ष-किरण साध्या भिंगाने वळत नाहीत. म्हणून आकाशातील क्ष-किरणांचे स्रोत शोधणाऱ्यांपुढे सूचिछिद्राखेरीज सोपा मार्ग नव्हता, आणि सूचिछिद्रातून येणारे किरण तर मोजकेच. १९६८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी एक साधी वाटणारी सूचना केली. एकच छिद्र ठेवण्याऐवजी धातूच्या पत्र्यात पुष्कळ छिद्रे ठेवावीत. प्रत्येक छिद्र आपापली प्रतिमा टाकील, त्या सर्व एकमेकींवर पडून त्यांची गर्दी होईल. परंतु छिद्रांची मांडणी आपल्याला ठाऊक असल्यामुळे ती गर्दी नंतर गणिताने उलगडता येईल. त्याच वर्षी एबल्स यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. या छिद्रयुक्त पत्र्याला पुढे इंग्रजीत जे नाव पडले त्याचा शब्दशः अर्थ 'मुखवटा' असा होतो. तो शब्द मराठीत या जागी रुळणार नाही. आपल्याकडे खिडकीला, झरोक्याला जाळी असते, तीच येथे चपखल बसते. पुढील विवेचनात 'जाळी' हाच शब्द वापरला आहे.

हे तत्त्व भारतीय शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष वापरले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या श्रीहरिकोटा येथून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावरील एका क्ष-किरण दुर्बिणीत कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे संवेदक आहेत, आणि त्यांच्यावर सुमारे अर्धा मीटर उंचीवर टँटलम धातूची अर्धा मिलिमीटर जाडीची जाळी बसवलेली आहे. या उपकरणाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा पुढाकार होता, आणि त्याच्या नोंदींवरील प्रक्रियेचे काम पुण्याच्या 'आयुका' या संस्थेकडे सोपवलेले होते. आकाशात एखादा तेजस्वी स्रोत असला की जाळीची सावली संवेदकावर पडते. स्रोत थोडा डावीकडे असला तर सावली थोडी उजवीकडे सरकते. सावली किती सरकली हे मोजले की स्रोताची दिशा कळते. दोन स्रोत असले तर दोन सावल्या एकमेकींवर पडतात, आणि त्याही वेगळ्या करता येतात.

एवढे साधले असताना जमिनीवरील कॅमेऱ्यात भिंगाऐवजी जाळी बसवणे अवघड का जावे? कारण क्ष-किरणांचे आकाश बहुतांशी अंधारे असते. त्यात मोजके ठिपके चमकत असतात. चेन्नईच्या रस्त्यावरचे दृश्य तसे नसते. तेथे भिंत, झाड, बस, आकाश, माणसाचा सदरा, सर्वच गोष्टी प्रकाश परतवीत असतात. दोन सावल्या वेगळ्या करणे आणि अडीच लाख सावल्या वेगळ्या करणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. त्यात दृश्य प्रकाशाची तरंगलांबी क्ष-किरणांपेक्षा हजारो पटींनी मोठी असल्यामुळे लहान छिद्रांतून जाताना तो कडांपाशी पसरतो. याला विवर्तन म्हणतात. जाळीची सावली त्यामुळे रेखीव राहत नाही.

योगायोग असा की, ज्या महिन्यात 'अ‍ॅस्ट्रोसॅट' आकाशात गेला त्याच महिन्यात अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी 'फ्लॅटकॅम' नावाच्या चपट्या कॅमेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. संवेदकापासून सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर बसवलेली काळ्या-पारदर्शक चौकटींची जाळी, एवढाच त्याचा पसारा होता. या कामात सहभागी असलेले अशोक वीरराघवन आणि अश्विन शंकरनारायणन हे दोघेही मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आय.आय.टी.चे, माजी विद्यार्थी होत. ही संस्था पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये स्थापन झाली. शहराचे नाव चेन्नई झाले तरी तिच्या नावातील मद्रास तसेच राहिले आहे. गिंडीच्या अरण्याला लागून असलेल्या तिच्या आवारात आजही चितळे आणि काळवीट मोकळेपणाने हिंडताना दिसतात. या संस्थेशी आपला पुढे अधिक निकटचा संबंध येणार आहे.

'फ्लॅटकॅम'पुढचा पहिला प्रश्न केवळ आकारमानाचा होता. समजा आपल्याला ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभ असलेले चित्र हवे आहे. म्हणजे २,६२,१४४ अज्ञात संख्या झाल्या. संवेदकावरील प्रत्येक नोंदीत या सर्व अज्ञातांचा कमीअधिक वाटा असतो. नोंदीही तितक्याच घेतल्या, तर कोणत्या नोंदीत कोणाचा किती वाटा हे सांगणारा तक्ता सुमारे ६,८७० कोटी घरांचा होईल. तो मोजणे, साठवणे आणि सोडवणे जवळजवळ अशक्यच. यावर संशोधकांनी काढलेला तोडगा समजण्यासाठी पाढ्यांचा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. दहा गुणिले दहाच्या त्या तक्त्यात शंभर संख्या असतात, परंतु त्या पाठ करण्याची गरज नसते. वरच्या ओळीतील दहा आणि बाजूच्या स्तंभातील दहा संख्या ठाऊक असल्या की कोणतेही घर गुणाकाराने भरता येते. 'फ्लॅटकॅम'च्या जाळीची नक्षी अशाच रीतीने एका ओळीच्या आणि एका स्तंभाच्या गुणाकारातून घडवलेली होती. त्यामुळे एका अगडबंब तक्त्याऐवजी ५१२ गुणिले ५१२ इतक्या बेताचे दोनच तक्ते पुरले, एक उभ्या दिशेचा आणि दुसरा आडव्या दिशेचा. कॅमेऱ्यासमोरील पडद्यावर आडव्या व उभ्या पट्ट्या दाखवून हे दोन तक्ते आधी मोजून घेता येतात. गणिताच्या सोयीसाठी धातूच्या जाळीची नक्षी बदलावी, ही कल्पना मोठी मार्मिक आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता, आणि चित्राची पुनर्रचना सुधारण्याचा सारा खटाटोप त्याच्याभोवती फिरतो. शाळेतील समीकरणांचे उदाहरण घेऊ. दोन अज्ञात संख्यांची बेरीज १० आहे. पहिलीत दुसरीची १.०१ पट मिळवली तर उत्तर १०.०४ येते. संख्या कोणत्या? उत्तर सोपे आहे: ६ आणि ४. आता समजा, मोजताना किंचित चूक झाली आणि १०.०४ ऐवजी १०.०६ अशी नोंद झाली. पाचशेमध्ये एकाइतकीच चूक. परंतु उत्तर आता ४ आणि ६ येते! मोठी संख्या लहान झाली आणि लहान मोठी. दोन समीकरणे एकमेकांशी फारच मिळतीजुळती असल्यामुळे हे घडते. दोन साक्षीदार जवळजवळ एकच हकीगत सांगत असले, तर दुसऱ्याच्या साक्षीने विशेष भर पडत नाही. आणि त्यांच्या निवेदनातील बारीकशा फरकावर सारा निवाडा बेतला, तर तो हटकून डळमळीत होतो.

भिंगविरहित कॅमेऱ्यातील समीकरणे अशीच आहेत. साधा पांढरा सदरा आणि अगदी बारीक रेघांचा सदरा, या दोहोंच्या नोंदी संवेदकावर जवळजवळ सारख्याच उमटतात. संवेदक तर कधीच निर्दोष नसतो. प्रकाशाच्या आगमनातच एक स्वाभाविक चढउतार असतो आणि विद्युत्मंडलाचीही त्यात भर पडते. समीकरणे जशीच्या तशी सोडवली, तर ही क्षुल्लक चूक फुगून सारे चित्र वाळूच्या वादळात सापडल्यासारखे होते. रशियन गणितज्ञ आंद्रेई तिखोनोव यांनी १९६३ च्या सुमारास अशा प्रश्नांवर जो उपाय सुचवला, तो थोडक्यात असा: नोंदींशी तंतोतंत जुळणाऱ्या उत्तराचा हट्ट धरू नये, नोंदींशी पुरेसे जुळणारे आणि तरीही सौम्य, म्हणजे अवास्तव चढउतार नसलेले उत्तर स्वीकारावे. 'फ्लॅटकॅम'ची पहिली चित्रे याच उपायाने मिळवलेली होती. ती ओळखू येत होती, हे खरे यश. परंतु ती धूसर आणि ठिपकेदार होती, त्यांत रंगांचे डाग पडत, कडा विरघळून जात. मोबाइलवरील छायाचित्रांना सरावलेल्या डोळ्याला ती पाहताना जुन्या दूरचित्रवाणी संचावरील खराब प्रक्षेपणाची आठवण व्हावी.

सौम्यतेची अट फारच ढोबळ आहे, हे यातील मर्म होय. जगातील दृश्ये केवळ सौम्य नसतात. त्यांना स्वतःची घडण असते. भिंतीची कड सरळ असते, चेहऱ्यात डोळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, पानांना शिरा असतात. हे ज्ञान जर पुनर्रचनेत वापरता आले तर? या प्रश्नावर मद्रास आय.आय.टी.च्या विद्युत अभियांत्रिकी विभागातील कौशिक मित्रा यांच्या संगणकीय प्रतिमाविज्ञान प्रयोगशाळेने राइस विद्यापीठाच्या सहकार्याने काम केले. त्याचा पहिला निबंध २०१९ मध्ये सोल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. सलमान खान हे त्याचे प्रथम लेखक. पुढे विस्तार पावलेली ही पद्धती 'फ्लॅटनेट' या नावाने ओळखली जाते.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी गणितीय रचना, प्रतिमा सुधारण्यासाठी त्याआधीही वापरली जात होती. मग ती थेट संवेदकाच्या नोंदींवरच का चालवली नाही? येथे एक अडचण होती. प्रतिमांसाठी वापरली जाणारी बहुतेक नेटवर्क प्रत्येक पिक्सेलच्या आसपासचे शेजारी पाहून निर्णय घेतात. सामान्य छायाचित्रात ते योग्यच असते, कारण नाकाच्या शेजारी गाल असतो. परंतु भिंगविरहित कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत नाकाचा प्रकाश साऱ्या संवेदकभर विखुरलेला असतो. तेथे शेजारच्याला विचारून काही कळत नाही. म्हणून मद्रासच्या संशोधकांनी काम दोन टप्प्यांत विभागले. पहिल्या टप्प्यात नोंदींना दोन तक्त्यांनी गुणले जाते, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. पाढ्यांच्या उदाहरणात पाहिलेली तीच रचना. फरक एवढाच की हे तक्ते कायमचे ठरवून ठेवलेले नसतात. शिकवणी चालू असताना तेही थोडेथोडे बदलत आपली चूक सुधारत जातात. या टप्प्यातून बाहेर पडणारी प्रतिमा ओबडधोबड असते, पण तीत नाक पुन्हा गालाशेजारी आलेले असते. मगच दुसरा टप्पा, प्रतिमेवर शेवटचा हात फिरवण्याचा. त्यासाठी वापरलेल्या नेटवर्कची मूळ घडण २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे सूक्ष्मदर्शकातील पेशींची चित्रे वाचण्यासाठी झाली होती.

शिकवणीसाठी उदाहरणे हवीत. तीही जोडीने, एकीकडे भिंगविरहित कॅमेऱ्याची नोंद आणि दुसरीकडे खरे चित्र. अशा जोड्या कोठून आणाव्यात? संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवली आणि 'फ्लॅटकॅम'ने प्रत्येकाची नोंद घेतली. अशी दहा हजार चित्रे झाली. प्राणी, वाहने, भांडी, पक्षी, अशा हजार प्रकारांतून प्रत्येकी दहा. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु पुढची सारी इमारत या पायावर उभी आहे. पडदा मात्र सपाट असतो आणि खरे जग तसे नसते. पडद्यावरचा उजेडही खऱ्या उजेडापुढे फिका. हे ओळखून पुढील टप्प्यात भिंगविरहित कॅमेऱ्याशेजारी साधा वेबकॅम ठेवून प्रत्यक्ष खोलीतील दृश्यांच्याही जोड्या गोळा करण्यात आल्या.

यातील एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. पहिल्या टप्प्यातील तक्त्यांना आरंभी काही किमती द्याव्या लागतात, आणि त्यासाठी कॅमेऱ्याचे काटेकोर मोजमाप आधी करून घेणे ही नेहमीची रीत. ते मोजमाप न करता, विशिष्ट घडणीच्या पण यादृच्छिक संख्यांपासून सुरुवात केली तरी शिकवणीच्या अखेरीस नेटवर्क पुरेशा चांगल्या उत्तरापर्यंत पोहोचते, असे दिसून आले. जाळी बसवताना ती केसभर तिरकी झाली, उष्णतेने किंचित सरकली, म्हणजे पुन्हा मोजमाप करा, ही कारखान्यातील कटकट यामुळे कमी होण्याची आशा निर्माण झाली.

जाळीच्या बाजूनेही सुधारणा होत होत्या. काळ्या चौकटी निम्मा प्रकाश अडवतात. म्हणून राइस विद्यापीठात २०२० मध्ये 'फ्लॅटकॅम'चा पुढचा अवतार तयार झाला. त्यात संपूर्ण पारदर्शक पट्टी असून तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणामुळे प्रकाश अडत नाही, तर वळून रेषांच्या नक्षीत एकवटतो. जे विवर्तन आधी अडचण होते तेच येथे कामाला लावले आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्याआधीच धूसर पारदर्शक चकतीच्या साहाय्याने असा एक कॅमेरा बनवण्यात आला होता, आणि तेथील संशोधकांनी २०१९ मध्ये गणिती उत्तराच्या पायऱ्या आणि शिकणारे नेटवर्क यांची एकमेकांत गुंफण करणारी वेगळी पद्धतीही मांडली. पारदर्शक पट्टीची नक्षी पाढ्यांच्या तक्त्यासारखी ओळ-स्तंभांत मोडता येत नाही. तेथे पहिला टप्पा वेगळ्या गणिताने करावा लागतो, आणि 'फ्लॅटनेट'च्या विस्तारित रूपात तो तसा केलेला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या सर्व सुधारणांनंतर मिळणारी चित्रे पूर्वीपेक्षा पुष्कळच नेटकी आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु ती खरी आहेत काय?

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा वाटणार नाही. हस्तलिखित पोथ्या नकलून घेण्याच्या काळात नकलणाऱ्याला एखादा जुना, अपरिचित शब्द अडला की तो त्या जागी आपल्या ओळखीचा शब्द घालीत असे. ओळ सुरळीत होई, अर्थही लागे. फक्त ती कवीची ओळ राहत नसे. एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण हाती घ्यावे लागले ते प्रतीप्रतींत असे बदल शिरले होते म्हणून. आणि १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एक जुनी प्रत छापून प्रसिद्ध केली, त्यामागेही मूळ पाठाचा शोध हीच प्रेरणा होती. पाठसंशोधनाचा एक संकेतच आहे की, दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा आणि सोपा पाठ बहुधा नंतरचा समजावा. सुरळीतपणाचा संशय घ्यावा, असाच त्याचा अर्थ. शिकवलेले नेटवर्क हे त्या नकलकारासारखे आहे. जेथे नोंद बोलकी आहे तेथे ते नोंदीचे ऐकते. जेथे नोंद मुकी आहे तेथे ते पूर्वी पाहिलेल्या दहा हजार चित्रांचे ऐकते आणि तेथे सामान्यतः जे असते ते रेखाटते.

शिकवणीच्या पद्धतीनेच या प्रवृत्तीला खतपाणी मिळते. पिक्सेलगणिक सरासरी चूक कमी करा, एवढाच आदेश दिला तर नेटवर्क सावध होते आणि शंका असेल तेथे मिळमिळीत रंग भरते. चित्र बरोबर, पण धूसर. म्हणून 'फ्लॅटनेट'च्या शिकवणीत आणखी एक परीक्षक नेटवर्क नेमलेले आहे. समोरचे चित्र खरे छायाचित्र आहे की पुनर्रचना आहे हे ओळखणे, एवढेच त्याचे काम. त्याला फसवता येईल असे चित्र काढणाऱ्या नेटवर्कला बक्षीस! केसांचा पोत, पानांची लकाकी हे सारे या शर्यतीतून येते. परंतु परीक्षकाला फसवणे आणि सत्य सांगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१८ मध्ये इस्राएलमधील ब्लाउ आणि मिखाएली या संशोधकांनी गणितानेच दाखवून दिले की, मूळ चित्राशी असलेली जवळीक आणि चित्राचा स्वाभाविकपणा ही दोन्ही एका मर्यादेपलीकडे एकाच वेळी वाढवता येत नाहीत. एकात भर घालायची तर दुसऱ्यातून काहीतरी काढावे लागते.

सहलीच्या छायाचित्रात झाडाची पाने थोडी कल्पित असली तर कोणाचे बिघडणार नाही. परंतु भिंगविरहित कॅमेऱ्याची सर्वांत मोठी गरज जेथे सांगितली जाते, तेथे ही सवलत नाही. राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये या जातीच्या एका चपट्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत उंदराच्या मेंदूची हालचाल आणि माणसाच्या तोंडातील आतल्या त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या टिपल्या. अशा चित्रात एखादी रक्तवाहिनी वाकडी असेल, तर ते वाकडेपण हीच बातमी असते. निरोगी ऊतींच्या हजारो चित्रांवर शिकलेले नेटवर्क तिला सरळ करून दाखवील, आणि चित्र पाहणाऱ्या डॉक्टराला ते अधिक सुबक वाटेल. जेथे रोग शोधावयाचा आहे तेथे दुर्मिळ गोष्टच महत्त्वाची असते, आणि दुर्मिळ गोष्टच नेटवर्कने सर्वांत कमी पाहिलेली असते.

यावर एक तपासणी सुचते. मिळालेले चित्र घ्यावे, जाळीचे ज्ञात गणित उलट दिशेने चालवून त्या चित्राची संवेदकावर कोणती नोंद उमटली असती ते काढावे, आणि ते प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहावे. जुळले नाही तर चित्रात कल्पित अंश नक्की आहे. परंतु जुळले म्हणजे चित्र खरे, असे मात्र म्हणता येत नाही. साध्या सदऱ्याची आणि रेघांच्या सदऱ्याची नोंद जवळजवळ सारखी असते हे आपण पाहिलेच. ज्या ठिकाणी नोंद मुळातच मुकी आहे, त्या ठिकाणी ही तपासणीही मुकीच राहते. म्हणून एकाच नोंदीपासून अनेक संभाव्य चित्रे काढून पाहण्याचा मार्गही या क्षेत्रात वापरला जातो. ज्या भागात सर्व चित्रे एकमताने बोलतात तो भाग विश्वसनीय. जेथे ती एकमेकांपासून फुटतात तो भाग धूसर ठेवलेलाच बरा. हा मार्ग प्रस्तुत लेखकाला अधिक प्रामाणिक वाटतो. चांगला संपादक पोथीतील फाटलेली जागा रिकामी सोडून समासात संभाव्य पाठ नोंदवतो, तोच हा शिरस्ता.

भिंगविरहित कॅमेऱ्याचा एक गुण अनेकदा सांगितला जातो, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्याची कच्ची नोंद माणसाच्या डोळ्याला अर्थहीन दिसते. म्हणून रुग्णालयाच्या खोलीत किंवा घरात असा कॅमेरा लावला तर माणसाचा खाजगीपणा आपोआप राखला जाईल, असे म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. कोणी पडला किंवा नाही एवढेच ओळखायचे असेल, तर चित्र तयार न करता थेट नोंदीवरूनही ते काम करता येण्याजोगे आहे. परंतु अर्थहीन दिसणे म्हणजे कुलूपबंद असणे नव्हे. जाळीची नक्षी ज्याच्या हाती आहे त्याला नोंद उलगडता येते, आणि ती मोजलेली नसली तरी त्याच कॅमेऱ्याच्या पुरेशा जोड्या मिळाल्यास यादृच्छिक संख्यांपासून सुरू झालेले नेटवर्क तीच वाट शोधून काढते, हे मद्रासच्या प्रयोगांनीच दाखवले आहे. पुनर्रचना जितकी सुधारत जाईल, तितका हा पडदा विरळ होत जाईल.